राष्ट्रपतींच्या टेबलावरची फाईल : सही करणं, परत पाठवणं आणि थांबणं

वाटाड्या

कलम ५३ एकटंच वाचलं तर केंद्राची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या हाती आहे, सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्यसुद्धा. कलम ७४ पर्यंत आलं की हीच सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेली दिसते. शाळेत आपण यातून एवढंच शिकतो की राष्ट्रपती नामधारी आणि पंतप्रधान खरे. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण १९५० पासून राष्ट्रपती भवनात जे घडत आलंय ते या एका ओळीत मावत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो. राष्ट्रपतींकडे नकाराचा अधिकार जवळजवळ नाहीच. त्यांच्याकडे आहे तो विचारण्याचा अधिकार. तो आपल्याकडे फार कमी वापरला जातो आणि वापरला तरी बंद दाराआड. राष्ट्रपतींनी फाईल परत पाठवली तर ती का पाठवली, हे नागरिकांना वाचायला मिळायला हवं.

वाद पहिल्या राष्ट्रपतींपासूनच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केलं होतं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्यकारभार करत नाही. तरी १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजेंद्रबाबूंनी नेहरूंना लिहिलं की या विधेयकावर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी अॅटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मतं मागवली. दोघांनीही सांगितलं, राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत. पुढे हिंदू विवाह कायदा १९५५ चा आणि वारसा कायदा १९५६ चा, दोन्हींवर सही राजेंद्रबाबूंचीच आहे. तरीही त्यांच्या मनातला प्रश्न मिटला नव्हता. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात त्यांनी तो जाहीरपणे पुन्हा मांडला : राष्ट्रपतींचे अधिकार ब्रिटिश राजाइतकेच आहेत का, याचा अभ्यास व्हावा.

न्यायालयाने उत्तर दिलं ते १९७४ मध्ये, शमशेर सिंग खटल्यात, सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने. राष्ट्रपती आणि राज्यपाल मोजके अपवाद सोडता मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तेच घटनेत शब्दांत बसवलं. मग १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एक छोटी खिडकी उघडली : राष्ट्रपती सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावा लागतो.

ही खिडकी नीट वापरली के. आर. नारायणन यांनी. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशातलं कल्याण सिंग सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस केली. कल्याण सिंगांनी विधानसभेत नुकताच विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. नारायणन यांनी फाईल परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. पुढच्याच वर्षी वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारबद्दल तशीच शिफारस केली, तीही परत गेली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, दोन वेगळी राज्यं, आणि कसोटी एकच. बोम्मई निकालाने १९९४ मध्ये सांगितलं होतं की बहुमत सभागृहात सिद्ध होतं, राजभवनात नाही. नारायणन यांनी ते राष्ट्रपती भवनालाही लावून दाखवलं.

आता याच्या उलट बाजू. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री राष्ट्रपतींनी फक्त एवढं विचारलं असतं की मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे, तर? मला हा प्रश्न सोडत नाही.

तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधी असतील तर अधिक.

दुपारपाळी

चांगला विषय. पण मला एक मूलभूत शंका आहे. मंत्रिमंडळाने तोच सल्ला दुसऱ्यांदा दिला की सही करावीच लागते, तर पहिल्यांदा परत पाठवून मिळतं काय? चार-सहा दिवस?

वाटाड्या

@दुपारपाळी, कधी कधी तेवढे दिवसच पुरतात. १९९७ ला पुरले. शिवाय फाईल परत गेली हे बाहेर कळलं की मंत्रिमंडळाला दुसऱ्यांदा तोच निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. पहिल्यांदा घाईत घेतलेला निर्णय दुसऱ्यांदा घेताना त्याची जबाबदारी पुरेपूर त्यांची होते.

विधेयकांचंही तसंच. २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक संसदेकडे परत पाठवलं (सरकारचं लाभाचं पद घेतलं तर खासदारकी जाते, त्यातून काही पदं वगळणारं हे विधेयक). प्रश्न साधा होता : कुठली पदं वगळायची याला काही सर्वसाधारण निकष आहे का, की नावं पाहून यादी केली आहे? संसदेने विधेयक जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी ऑगस्टमध्ये सही केली. म्हणजे वरवर पाहता ते हरले. पण निकष ठरवण्यासाठी संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. तो प्रश्न विचारला गेला नसता तर समितीही झाली नसती असं मी मानतो.

निळावंती

धाग्यात १९७५ चा उल्लेख आहे म्हणून त्यातला एक धागा पुढे ओढते, कारण तो थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

त्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात मंत्रिमंडळाची बैठक न घेण्यासाठी आधार घेतला होता भारत सरकारच्या कामकाज नियमांचा, १९६१ च्या नियमावलीतल्या नियम १२ चा. हा नियम पंतप्रधानांना गरज वाटली तर ठरलेल्या पद्धतीतून सूट देतो. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घ्यायची.

४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीपुरती ही वाट बंद केली. कलम ३५२ मध्ये आता लिहिलंय की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय त्यांनी आणीबाणीची घोषणा करू नये. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' केलं. हे सगळं चांगलंच झालं. पण ही अट फक्त ३५२ ला आहे. ३५६ ला, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या कलमाला, ती घातलीच नाही.

आणि मग २३ नोव्हेंबर २०१९. आपल्याकडे १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती. त्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवल्याची अधिसूचना निघाली आणि आठच्या सुमारास फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. पहाटेचा शपथविधी म्हणून आपण अजून त्याबद्दल बोलतो, पण बहुतेक बोलणं कोणी कोणाला फसवलं यावर असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की राजवट उठवण्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही. नियम १२ वापरला गेला. १९७५ चाच नियम. आणि राष्ट्रपतींची सही रात्रीत झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला दुसऱ्याच दिवशी खुल्या मतदानाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं आणि त्याच दिवशी सरकारने राजीनामा दिला. न्यायालयाने चूक निस्तरली असं म्हणता येईल. पण राष्ट्रपतींनी सकाळी दहापर्यंत थांबून "मंत्रिमंडळाची बैठक घेऊन कळवा" म्हटलं असतं, तर राज्यघटनेतलं कुठलं कलम मोडलं असतं? माझ्या मते एकही नाही.

रानजाई

दोघांचेही प्रतिसाद मनापासून वाचले, पण मी दुसऱ्या बाजूची आहे.

राष्ट्रपतींनी सल्ला परत पाठवताना कारणं जाहीर करावीत, हा प्रस्ताव ऐकायला लोकशाहीचा वाटतो. परिणाम काय होईल? प्रत्येक वादग्रस्त निर्णयानंतर विरोधी पक्ष राष्ट्रपती भवनाच्या दारात उभे राहतील. ते आजही राहतात, पण निवेदन देऊन परततात, कारण तिथे काही घडणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. राष्ट्रपती पत्रं प्रसिद्ध करू लागले की देशात दोन मतं, दोन सत्ताकेंद्रं होतील. आणि त्यातलं एक लोकांना उत्तरदायी नाही. पंतप्रधानाला लोकसभा घरी पाठवू शकते. राष्ट्रपतींवर फक्त कलम ६१ चा महाभियोग, तोही घटनाभंगासाठी, दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी. आजवर एकदाही झालेला नाही.

नारायणन यांचं उदाहरण सगळे देतात. १९७९ चं कोणी देत नाही. मोरारजींनी राजीनामा दिल्यावर संजीव रेड्डींनी चरणसिंगांना पंतप्रधान केलं. ते लोकसभेला एकदाही सामोरे न जाता २० ऑगस्टला राजीनामा देऊन मोकळे झाले, जाताना लोकसभा बरखास्त करा असा सल्ला देऊन. जगजीवन राम बहुमताचा दावा करत होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता दोन दिवसांत लोकसभा बरखास्त केली. तिथे राष्ट्रपतींनी स्वतःची बुद्धी वापरलीच होती, आणि त्याबद्दल त्यांना कोणीही जाब विचारू शकलं नाही. चांगला माणूस खुर्चीत असेल हे गृहीत धरून अधिकार वाढवायचे नसतात.

वाटाड्या

@रानजाई, १९७९ चा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मला तो माझ्या बाजूचा वाटतो. त्रिशंकू लोकसभेत कोणाला बोलवायचं हा निर्णय राष्ट्रपतींना एकट्यानेच घ्यावा लागतो. तिथे सल्ला द्यायला बहुमतातलं मंत्रिमंडळच नसतं. तो अधिकार आपण वाढवत नाही आहोत, तो आहेच. प्रश्न एवढाच की तो कारणं सांगून वापरायचा की न सांगता.

बघा ना, १९८९ मध्ये व्यंकटरामन यांनी आधी सर्वात मोठ्या पक्षाला विचारलं. राजीव गांधी नाही म्हणाले, मग व्ही. पी. सिंग. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मांनी तीच पद्धत धरून वाजपेयींना बोलावलं आणि ते सरकार १३ दिवसांत गेलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी पद्धत बदलली. आधी पाठिंब्याची पत्रं आणा, बहुमत दिसलं पाहिजे. आणि नेमणुकीच्या वेळी आपण असं का केलं याचं निवेदन काढलं. ते पटो न पटो, त्यावर वाद घालता येतो. रेड्डींच्या निर्णयावर आपण आजही अंदाजच बांधतोय.

सांजवात

इथे अजून कोणी दयेच्या अर्जांबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या दृष्टीने राष्ट्रपतींच्या टेबलावरची सगळ्यात जड फाईल ती.

कलम ७२ वाचताना वाटतं की क्षमा करणं हा राष्ट्रपतींचा स्वतःचा अधिकार आहे. नाही. मारूराम आणि केहर सिंग या दोन्ही निकालांत न्यायालयाने सांगितलंय की इथेही मंत्रिमंडळाचाच सल्ला, म्हणजे प्रत्यक्षात गृहखात्याचा. मग राष्ट्रपतींकडे उरतो तो वेळ. आणि इथे वेळ ही सौम्य गोष्ट राहत नाही. फाशीच्या कोठडीतल्या माणसाला रोज सकाळी आज काय होईल ते माहीत नसतं. ज्यांचं माणूस मारलं गेलंय ते कुटुंबही तसंच टांगलेलं असतं.

नारायणन यांचं वर सगळ्यांनी कौतुक केलंय, रास्तच आहे. पण दयेच्या अर्जांवर त्यांच्या काळात निर्णय जवळपास झालेच नाहीत. कलामांनी दोनच अर्जांवर निर्णय घेतले. ते साचलेले अर्ज प्रतिभाताईंच्या आणि प्रणव मुखर्जींच्या वाट्याला आले. प्रतिभाताईंनी बऱ्याच फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, मुखर्जींनी बहुतेक अर्ज फेटाळले. दोघांवरही टीका झाली, निर्णय न घेणाऱ्यांवर तेवढी झाली नाही.

जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच : अर्जावरचा अवाजवी, कारण न देता झालेला विलंब. पुण्यातल्या बीपीओत काम करणाऱ्या तरुणीच्या खुनाचा खटला आठवत असेल. तिथे राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, पण पुढची कारवाई सरकारी पातळीवर रखडली आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली. फाशी असावी की नसावी यावर माझं मत वेगळ्या धाग्यात लिहीन. इथे एवढंच की "राष्ट्रपती थांबले" हे नेहमीच चांगलं नसतं. @निळावंती, पहाटे पाच वाजता थांबणं आणि पाच वर्षं थांबणं या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

पिंपळपान

सांजवात यांच्या मुद्द्याला जोडून. थांबण्याचा सर्वात गाजलेला प्रसंग म्हणजे ग्यानी झैलसिंग आणि १९८६ चं टपाल विधेयक. लोकांची पत्रं अडवून उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं ते विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. ग्यानीजींनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, १९८७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. नागरिक म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण पद्धत? कलम १११ म्हणतं, विधेयक परत पाठवायचं तर 'शक्य तितक्या लवकर' पाठवा. मुदत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला रविवार वगळून दहा दिवस असतात, आपल्याकडे काहीच नाही. आज पत्रं उघडण्याचं विधेयक अडलं, उद्या एखाद्या राज्याने केलेला चांगला कायदा तसाच अडेल.

आणि तेच झालंय. राज्यपाल कलम २०० खाली विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात, मग कलम २०१ खाली ते दिल्लीत पडून राहतं. तामिळनाडूच्या खटल्यात ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींनाही तीन महिन्यांची मुदत घालून दिली आणि दहा विधेयकांना संमती मिळाली असं मानलं. त्यावर मे महिन्यात राष्ट्रपती मुर्मू यांनी कलम १४३ खाली १४ प्रश्न न्यायालयाला पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं : घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, संमती मानून घेता येत नाही. मात्र राज्यपालांनी बेमुदत, कारण न देता विधेयक दाबून ठेवलं तर न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकतं.

कायद्याच्या शब्दांकडे पाहिलं तर घटनापीठ बरोबर आहे असं मला वाटतं. मुदत हवीच असेल तर ती संसदेने घटनादुरुस्ती करून घालावी. आणि मला ती हवी आहे, विधेयकांना आणि दयेच्या अर्जांना, दोन्हींना.

दुपारपाळी

या १४ प्रश्नांबद्दल एक विचारतो. हे प्रश्न राष्ट्रपतींनी स्वतः विचारले की सरकारने?

पिंपळपान

नावाने राष्ट्रपतींनी, सल्ल्याने मंत्रिमंडळाच्या. १४३ लाही ७४ लागू आहेच. राष्ट्रपतींना एखाद्या विधेयकाच्या घटनात्मकतेबद्दल स्वतःला शंका आली, तर थेट न्यायालयाकडे जाता येत नाही.

निळावंती

आयर्लंडमध्ये येतं. तिथल्या घटनेच्या कलम २६ नुसार अध्यक्ष कौन्सिल ऑफ स्टेटशी, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळाशी, चर्चा करून, पण निर्णय स्वतःचा घेऊन, विधेयक सात दिवसांच्या आत सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतात. सगळं उघड. न्यायालयाने वैध ठरवलं की सही करावीच लागते. @रानजाई, दोन सत्ताकेंद्रांच्या भीतीला हे उत्तर होऊ शकतं. अध्यक्ष सरकारशी भांडत नाहीत, प्रश्न न्यायालयाकडे सोपवतात. नाहीतरी राष्ट्रपती निवडीची पद्धत आणि राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांची कल्पना आपण तिथूनच घेतली आहे.

रानजाई

आयर्लंडचं उदाहरण पूर्ण सांगायला हवं. १९७६ मध्ये अध्यक्ष ओ डॅली यांनी आणीबाणीचे अधिकार देणारं विधेयक असंच न्यायालयाकडे पाठवलं. न्यायालयाने ते वैध ठरवलं, अध्यक्षांनी सही केली. त्यानंतर संरक्षणमंत्र्याने सैन्याच्या एका कार्यक्रमात त्यांच्याबद्दल अत्यंत अपमानकारक शब्द वापरले. सरकारने मंत्र्याला काढलं नाही आणि पदाची प्रतिष्ठा राखायची म्हणून अध्यक्षांनी राजीनामा दिला. म्हणजे घटनेत स्पष्ट लिहिलेला अधिकार, घटनेत सांगितलेल्या पद्धतीने वापरला, तरी हे झालं. आपल्याकडे राष्ट्रपतींची उमेदवारी ठरते ती सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत. त्यांच्यावर केवढा दबाव येईल याचा विचार करा.

निळावंती

दबाव आजही आहेच. फरक एवढा की आज तो आपल्याला दिसत नाही.

वाटाड्या

ही चर्चा वाचून मी माझा प्रस्ताव जरा नेमका करतो.

विधेयकांबाबत नवीन काही करायची गरजच नाही. कलम १११ खाली विधेयक परत जातं ते संदेशासह, संसदेकडे. तो संदेश सभागृहांसमोर येतो, म्हणजे कारणं जाहीर होतातच. पिंपळपान म्हणतात तशी मुदत घाला, मला मान्य. दयेच्या अर्जांनाही घाला.

अडचण आहे ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची. कलम ७४(२) म्हणतं की मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी कुठलंही न्यायालय करणार नाही. बोम्मई निकालाने त्यातून एक वाट काढली : सल्ला गुप्त, पण तो ज्या कागदपत्रांवर आधारलेला आहे ती न्यायालय मागवू शकतं. मला वाटतं हीच रेषा आपण धरावी. सरकार बरखास्त करणं, राष्ट्रपती राजवट लावणं किंवा उठवणं, विधानसभा विसर्जित करणं, एवढ्यापुरतीच. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जनाच्या घोषणेवर कलामांनी मॉस्कोत असताना रात्री सही केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा घटनाबाह्य ठरवली. परदेशात, रात्री, फॅक्सवर आलेल्या कागदावर, एका राज्याची विधानसभा. तिथे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाकडे काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं हे निदान घोषणा संसदेसमोर मांडली जाते तेव्हा तिच्यासोबत मांडावं.

रानजाई

एवढ्यापुरतं असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. त्याहून आधी मी एक गोष्ट मागेन, जिच्यात राष्ट्रपतींच्या स्वभावावर काहीच अवलंबून राहत नाही. निळावंती यांनी दाखवलेली ३५२ ची लेखी अट ३५६ ला जशीच्या तशी लावा, राजवट लावताना आणि उठवतानाही. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय समोर नसेल तर सही नाही. मग नियम १२ वर विसंबून कोणालाच पहाटेची घाई करता येणार नाही, आणि राष्ट्रपतींना कोणाशी वाईटपणा घ्यायची वेळही येणार नाही.

सल्ल्याची पत्रं घोषणेसोबत मांडण्याबद्दल मी अजून साशंक आहे. वटहुकुमांचं काय, हेही कोणी लिहिलं नाही. अधिवेशन नसताना कलम १२३ खाली निघणाऱ्या वटहुकुमावर 'तातडीची गरज' आहे अशी राष्ट्रपतींची खात्री व्हावी लागते, आणि १९९६ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या दोन वटहुकुमांवर शर्मांनी सही केली नव्हती. त्यावर कोणी सविस्तर लिहिलं तर वाचायला आवडेल.